फादर स्टीफन्स यांचा कान, आमची जीभ

'ख्रिस्तपुराणा'तील मराठीच्या गौरवाच्या ओव्या ऐकलेल्या नाहीत असा मराठी ख्रिस्ती वाचक विरळाच. शाळेच्या स्नेहसंमेलनापासून साहित्य संमेलनाच्या स्मरणिकेपर्यंत त्या सर्वत्र भेटतात. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्या निमित्ताने निघालेल्या लेखांतूनही त्या पुन्हा आमच्या पाहण्यात आल्या. ओवी म्हणावयाची, 'पाहा, हे एका इंग्रजाने म्हटले आहे' असे सांगावयाचे आणि पुढे जावयाचे, असा शिरस्ता पडला आहे. आम्हीही तो अनेक व्यासपीठांवर इमानाने पाळला. प्रशस्तिपत्र एकदा चौकटीत घालून भिंतीवर लावले की ते कोणी वाचीत नाही. या ओव्यांचे तसेच झाले आहे. परक्याने आपल्या भाषेला सुंदर म्हटले यातच आपण सुखावतो. तिच्यात त्याला नेमके काय ऐकू आले, हे विचारावयाचे राहून जाते.

'ऐकू आले' हा शब्द आम्ही जाणून वापरीत आहो. फादर थॉमस स्टीफन्स यांच्याविषयी मराठीत जे लिहिले गेले आहे त्यात त्यांच्या भक्तीची, विद्वत्तेची आणि शब्दसंग्रहाची चर्चा पुष्कळ आढळते. त्यांच्या कानाची चर्चा त्या मानाने फार थोडी. वास्तविक प्रौढ वयात दुसऱ्या भाषेत शिरणाऱ्या माणसाला ती प्रथम भेटते ती ध्वनींच्या रूपाने. अर्थ मागून येतो, काव्य तर फारच मागून.

त्या ओव्यांकडेच पाहू. त्या चार आहेत. गोट्यांतील रत्न, फुलांतील मोगरी, सुगंधांतील कस्तुरी, पक्ष्यांतील मोर, वृक्षांतील कल्पतरू, वारांतील रवी आणि सोम, अशी उपमांची माळ त्यांत ओवली आहे. या उपमा परंपरेच्या आहेत; कोणाही पुराणकाराच्या पदरी त्या सापडल्या असत्या. (मराठीचे हे श्रेष्ठत्व कवीने या द्वीपाच्या भाषांपुरते सांगितले आहे, हे वक्ते सहसा सांगत नाहीत.) पण पहिली ओवी डोळे मिटून म्हणावी. तिच्या तिन्ही दीर्घ चरणांचा शेवट 'ळा' या अक्षराने होतो. मराठीची थोरवी सांगावयास बसलेल्या या कवीने पहिले यमक घेतले ते ळचे.

स्टीफन्स यांची जन्मभाषा इंग्रजी. शिक्षणाची आणि उपासनेची भाषा लॅटिन. १५७५ साली ते रोममध्ये येशूसंघात दाखल झाले, तेव्हा इटालियन कानी पडली असणारच. आणि गोव्यात राज्यकर्त्यांची भाषा पोर्तुगीज. या चारही भाषांत ळ हा वर्ण नाही. त्यांच्या आईने तो कधी उच्चारला नव्हता, त्यांच्या गुरूंनीही नाही. तिशीच्या उंबरठ्यावर गोव्याच्या किनाऱ्याला उतरलेल्या या माणसाने जीभ मागे वळवून टाळूला लावण्याची ही क्रिया शिकून घेतली आणि आपल्या स्तुतीच्या पहिल्याच ओवीत ती तीन वेळा करून दाखविली.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. ळचे यमक मराठी कवीला सोपे जाते. कळा, डोळा, सोहळा, जिव्हाळा, वेगळा असे शब्द हाताशी तयारच असतात. ओवीच्या ओघात ळ आला तर त्यात विशेष ते काय? हा आक्षेप आम्ही बराच काळ मान्य करून बसलो होतो. त्यातून आम्हांस बाहेर काढले ते ओवीच्या अर्थाने नव्हे, तर तिच्या मूळ लेखनाने.

'ख्रिस्तपुराण' १६१६ साली राचोल येथे छापले गेले ते रोमी लिपीत. त्या छपाईची एकही प्रत आज उपलब्ध नाही. हस्तलिखितांच्या आधारे जोसेफ साल्ढाणा यांनी १९०७ साली मंगळूर येथून रोमी लिपीतच काढलेली आवृत्ती हा अभ्यासकांचा मोठा आधार आहे. तिच्यात ळ कसा लिहिला आहे? ल साठी असलेले 'एल' हे अक्षर दोनदा लिहून. एक 'टी' म्हणजे त, दोन 'टी' म्हणजे ट. एक 'डी' म्हणजे द, दोन म्हणजे ड. एक 'एन' म्हणजे न, दोन म्हणजे ण. येशूसंघीयांच्या रोमी लेखनाची ही रीत होती आणि स्टीफन्स यांची ग्रंथरचना तिच्यातच झाली. त्यांच्या निधनानंतर २१ वर्षांनी, १६४० मध्ये, दियोगु रिबेरू यांच्या पुरवणीसह राचोलला छापलेले त्यांचे कोंकणीचे व्याकरण प्रसिद्ध आहे. भारतीय भाषेचे छापलेले पहिले व्याकरण म्हणून त्याचा उल्लेख केला जातो.

जन्माने मराठी असलेला कवी ळ लिहितो तेव्हा तो एक अक्षर लिहितो, आणि आपण काही केले याची त्याला जाणीवही नसते. आपल्या अंगणातली पावले आपण मोजीत नाही, पाहुणा मोजतो. रोमी लिपीत लिहिणाऱ्याला मात्र प्रत्येक ल पाशी थांबून विचारावे लागते, हा एकदा लिहावयाचा की दोनदा? वाट की वात? मण की मन? काळ की काल? सुमारे ११,००० ओव्या, पहिल्या पुराणाचे ३६ आणि दुसऱ्याचे ५९ अवस्वरू; एवढ्या विस्तारात हा प्रश्न किती सहस्र वेळा पडला असेल याचा हिशेब कोणी करावा! इंग्रजाचा 'टी' आपल्या कानाला ट सारखा लागतो, म्हणून आपण 'टेबल' म्हणतो. पोर्तुगीजाचा 'टी' त सारखा लागतो, म्हणून तुरुंग आणि तंबाखू. (बटाटा तेवढा अपवाद.) पण या दोन्ही भाषांत त म्हटला काय आणि ट म्हटला काय, अर्थ बदलत नाही, बोलणारा परका आहे एवढेच कळते. ज्या कानाला हा भेद जन्मभर निरर्थक होता, त्याने तो अर्थवाही म्हणून ऐकावयास शिकणे, ही आमच्या मते शब्दकोश पाठ करण्याहून अवघड गोष्ट आहे. तेव्हा पहिल्या ओवीतील ळ ओघात आला असे म्हणावयाचे असेल तर म्हणावे. पण तो दोनदा लिहून आला आहे.

या कानाची वाटचाल आपल्याला दोन पत्रांत दिसते. स्टीफन्स ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून निघाले आणि २४ ऑक्टोबरला गोव्यास पोहोचले. १५८३ साली भावाला लिहिलेल्या लॅटिन पत्रात त्यांनी या प्रदेशातील भाषांविषयी चार वाक्ये लिहिली आहेत. भाषांची रचना लॅटिन आणि ग्रीकसारखी आहे, हे त्यांचे निरीक्षण भाषाशास्त्राच्या इतिहासात नोंदले गेले आहे; सर विल्यम जोन्स यांच्या १७८६ च्या सुप्रसिद्ध भाषणाच्या दोनशे वर्षे आधीचे म्हणून त्याचे कौतुकही होते. परंतु रचनेची गोष्ट त्या पत्रात नंतर येते. आधी येतो उच्चार. या भाषांचा उच्चार असुंदर नाही, असे ते लिहितात. पुढे लगेच अक्षरांविषयी: येथील अक्षर म्हणजे एक पूर्ण अवयव असतो, आणि व्यंजन स्वराशी किंवा दुसऱ्या व्यंजनाशी जितक्या प्रकारे जुळेल तितकी अक्षराची रूपे पालटतात. येऊन चार वर्षे झालेल्या माणसाने बाराखडी आणि जोडाक्षर यांचे मर्म दोन ओळींत सांगितले आहे.

'असुंदर नाही' या शब्दप्रयोगावर आम्ही थोडे थांबू इच्छितो. ही लॅटिन शिष्टाचाराची जपून केलेली स्तुती. भाषा अद्याप पूर्ण अंगवळणी पडलेली नाही, आणि घरच्या माणसाला पत्र लिहिताना अतिशयोक्ती करावयाची नाही. पुढे ३३ वर्षांनी तोच माणूस तीच गोष्ट त्या भाषेतच सांगतो, आणि तेव्हा 'असुंदर नाही'च्या जागी रत्न आणि कस्तुरी येतात. या दोन वाक्यांच्या मधले अंतर म्हणजे सासष्टीतील पायपीट, कबुलीजबाब ऐकण्याचे असंख्य तास, मुलांना शिकविलेली प्रश्नोत्तरे. गौरवाच्या ओव्या उद्धृत करणाऱ्याने हे पत्र शेजारी ठेवावे. त्याविना ती स्तुती फुकट मिळाल्यासारखी वाटते.

दुसरे पत्र १६०८ चे, येशूसंघाच्या प्रमुखांना लिहिलेले. या देशाच्या भाषेत आणि या देशाच्याच लिपीत छापलेले पुस्तक पाहावे अशी इच्छा त्यांनी त्यात व्यक्त केली आहे. मलबारात तसे झाले होते. येथे अडचण अशी की युरोपात २४ ठशांत काम भागते, तर येथील अक्षरांना सुमारे ६०० ठसे पाडावे लागणार. ही इच्छा त्यांच्या हयातीत पुरी झाली नाही. १६१९ साली ते गेले. म्हणजे रोमी लिपी ही त्यांची आवड नव्हे, अडचण होती, आणि अक्षर दोनदा लिहिण्याची ती युक्ती म्हणजे न मिळालेल्या ठशांची भरपाई होती, असे आम्हांस वाटते. काही प्रमाणात ती अपुरीही पडली. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद रोमीत नीट उतरत नाही. ज आणि झ यांच्या वाटणीचा घोळ होतो. १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी आणि १९९६ साली फादर कारिदाद द्रागो यांनी हे पुराण देवनागरीत आणले. अशा कामात संपादकाला पदोपदी कौल लावावा लागतो. त्या परिश्रमांचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. मात्र देवनागरीत एक गोष्ट अपरिहार्यपणे पुसली जाते: दोनदा लिहिलेले अक्षर पुन्हा एक होते, आणि शिकणाऱ्या कानाची खूण नाहीशी होते.

स्टीफन्स यांचा कान सर्वत्र सारखाच जागा आहे असे म्हणणे ही भक्ती होईल, समीक्षा नव्हे. सिद्धांत समजावून सांगण्याची वेळ आली की त्यांची ओवी चालू लागते ती गद्याच्या पावलांनी. यमक केवळ हजेरी लावते. वंशावळींत तर जुन्या करारातील नावे आणि मराठी प्रत्यय एकमेकांशेजारी अवघडून बसलेले दिसतात. या भागांत चौथ्या अपुऱ्या चरणाची गंमतही हरवते. याउलट कानाच्या लग्नाचा प्रसंग किंवा क्रुसाखालच्या मातेचा शोक वाचावा. तेथे बोलणारे माणूस समोर उभे आहे, आणि माणूस बोलू लागले की या कवीचा कान तत्काळ ताळ्यावर येतो. त्यांनी भाषा पोथ्यांइतकीच माणसांच्या तोंडून घेतली असावी, या आमच्या समजाला यातून बळ मिळते.

त्यांचे श्रोतेही द्विभाषिकच होते, ही गोष्ट अनेकदा नजरेआड होते. सासष्टीतील घरांत कोंकणी बोलली जाई. पुराण ऐकावयाचे ते मराठीत. शुद्ध मराठी मध्यम लोकांना कळावयाची नाही म्हणून आपण ती सोपी करून, तिच्यात ब्राह्मणांच्या बोलीचे शब्द मिसळून लिहिले, असा खुलासा ग्रंथाच्या गद्य प्रस्तावनेत आहे. आणि काव्याच्या आरंभी एक ब्राह्मण श्रोता पाद्रीला विचारतो की आमची पूर्वीची पुराणे बंद केलीत, तर त्या जागी आम्हांस दुसरे पुराण का देत नाही? हा प्रश्न कवीने लपविलेला नाही, हे त्याच्या पदरी जमा केले पाहिजे. ज्या सत्तेने जुन्या पोथ्या काढून घेतल्या, तिच्याच छायेत हे पुराण रचले गेले. पुढे १६८४ साली त्याच सत्तेने कोंकणी बोलण्यावरही बंदीचे फर्मान काढले. लोकांना नव्या गोष्टीइतकीच जुन्या नादाची तहान होती, असा त्या श्रोत्याच्या प्रश्नाचा अर्थ आम्ही लावतो. ओवीचा नाद परत मिळाला, तेव्हा कथा परक्या देशाची असूनही ती कानांना घरची वाटली असली पाहिजे.

येथवर आम्ही परक्या जिभेची गोष्ट सांगितली. आता आपल्या जिभेची सांगणे प्राप्त आहे, कारण या लेखाचे मूळ तेथेच आहे.

आमचा जन्म वसईच्या किनाऱ्यावर, कोळी घरातला. आमच्या घरी ळ नव्हता. नारळ हा 'नारल', डोळा हा 'डोला', आणि पाणी हे 'पानी'. काळ आणि काल यांचा आमच्या घरी एकच उच्चार होता, तरी त्यापायी कोणाचा दिवस चुकल्याचे आठवत नाही. ळ आम्हांस प्रथम भेटला तो शाळेत आणि देवळात. नऊ-दहा वर्षांचे असताना एका सणाला मिस्सेत वाचन करण्याचा मान आम्हांस मिळाला. आई पहिल्या रांगेत, केसांत वेणी माळून बसली होती. त्या वाचनात 'काळ' हा शब्द तीनदा आला आणि तिन्ही वेळा आम्ही 'काल' म्हणालो. तिसऱ्या वेळी मागच्या बाकांवरून हसू फुटले. दुसऱ्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात उभे करून एका गुरुजींनी आमच्याकडून ळ पन्नास वेळा म्हणवून घेतला. तो आला. इतका चांगला आला की पुढे वक्तृत्वाची बक्षिसे मिळाली, लेखन झाले, ग्रंथ झाले. आणि त्या साऱ्या लेखनात आमच्या आईचा ल एकदाही आला नाही. आमच्या पहिल्या कथासंग्रहात कोळणी आहेत, बाजार आहे, होड्या आहेत. आणि त्या कोळणी पुण्याच्या सदाशिव पेठेत वाढल्यासारख्या बोलतात. त्या वेळच्या परीक्षणांत भाषेच्या शुद्धतेची वाखाणणी झाली होती. आम्ही ती कात्रणे जपून ठेवली आहेत.

स्टीफन्स यांच्याविषयी आम्हांस जो मत्सर वाटतो तो येथे. त्यांनाही ळ शिकावा लागला, आम्हांसही लागला. पण तो शिकण्यासाठी त्यांना आपली जन्मभाषा लाजेने गिळावी लागली नाही. इंग्रजी त्यांच्या मागे अखंड उभी होती. मराठी ही तिच्यावर पडलेली भर होती. बोलीतून प्रमाणभाषेत येणाऱ्याला मात्र वाटते की त्याने एक चूक सुधारली. वस्तुतः तोही एका भाषेतून दुसरीत गेलेला असतो, आणि त्याच्याही कानाने तितकेच कष्ट केलेले असतात. वऱ्हाडात डोळ्याचा 'डोया' होतो. तिकडच्या मुलालाही हीच वाट चालावी लागते. इंग्रज ळ शिकला तर त्याचा पुतळा उभारावा, आणि कोळ्याच्या पोराने शिकला तर 'सुधारला' म्हणावे, हा न्याय आम्हांस बरा वाटत नाही. कधी वाटतो, आमच्या त्या कोळणींना 'डोला' म्हणू दिले असते तर कथा छापल्या गेल्या नसत्या. पण ज्या छापल्या गेल्या त्यांत त्या कोळणी नाहीत, हेही खरेच.

गेल्या नाताळच्या सुटीत आमचा नातू घरी आला होता. इंग्रजी माध्यमाच्या शाळेत सहावीत शिकतो. देवनागरी अडखळत वाचतो, रोमी झरझर. आम्ही मंगळूरच्या आवृत्तीतील गौरवाच्या ओव्यांच्या पानाची छायाप्रत त्याच्यापुढे ठेवली. त्याने एका दमात वाचली. अक्षरे त्याच्या ओळखीची होती. चारशे वर्षांपूर्वीच्या मराठीचे हे पान आम्हांपेक्षा त्याला अधिक सहज वाचता येत होते. फक्त जेथे 'एल' दोनदा आला तेथे प्रत्येक वेळी तो 'ल्ल' म्हणाला. तीन चरण, तीन वेळा 'ल्ला'. ज्यांच्या तोंडी हा ध्वनी होता पण ज्यांच्यासाठी ठसे नव्हते, त्या लोकांसाठी ती खूण योजलेली होती. येथे सगळे ठसे हाताशी होते, आणि तोंडी ध्वनी नव्हता.

आमची आई त्या वेळी खाटेवर पडून ऐकत होती. वय नव्वदीच्या पुढचे. तिने विचारले, पोरगा काय म्हणतो? आम्ही सांगितले, मराठीची स्तुती म्हणतो आहे, ळ चुकतो आहे. ती हसली. आम्ही नातवाला जीभ कशी मागे न्यावी, टाळूला कोठे लावावी आणि कशी सोडावी ते दाखविले. त्याने आमच्या तोंडात वाकून पाहिले, आपली जीभ वळविली, आणि पहिल्यांदा जे निघाले ते ल आणि ड यांच्या मधले काहीतरी होते. त्याने पुन्हा केले. खाटेवरून आईनेही एकदा करून पाहिले.